विमानाच्या चाकांवरची गाडी

आभाळात विमानाचा आवाज आला की गावातल्या बाया हातातलं काम थांबवून आधी वर बघायच्या आणि मग रुद्राणीकडं. बिदरचा हवाई दलाचा विमानतळ त्या गावापासून फार लांब नव्हता. तिथली शिकाऊ पोरांची छोटी विमानं कधी उदगीरवरून, कधी थेट शिरूर अनंतपाळच्या बाजूनं घरघरत जायची. मग विहिरीवर कुणीतरी विचारायचंच, का गं रुद्राणे, तुझा मालकच का त्यो? रुद्राणी पदर सावरत म्हणायची, कुणाला ठाऊक, असतील बी.

मुळात खोटं कुणी बोललं नव्हतं. रुद्राणीचं माहेर मुखेडचं. बापाचं, म्हणजे अप्पांचं, तिथं बाजारात किराणा दुकान. सोयरीक आणणाऱ्यानं सांगितलं होतं, पोरगा आपल्यातला, लिंगायत, निर्व्यसनी, आणि विमानात हाय. ‘विमानात हाय’ म्हणजे नेमका कुठं, हे दुकानाच्या गर्दीत विचारायचं राहून गेलं. लग्न झालं, मल्लिकार्जुन रजा संपवून परत आसामकडं गेला, आणि रुद्राणी सासरी राहिली. मूलबाळ झालं नाही. नवरा वर्षातून एकदा येणार, चार दिवस राहणार. बाकीचे दिवस काढायला तिला त्या एका शब्दाचा आधार होता.

पुढं मल्लिकार्जुनची बदली बिदरला झाली तेव्हा त्यानं तिला आठवडाभर तिकडं नेलं. एके सकाळी कुंपणाच्या तारेपाशी उभं करून म्हणाला, इथून बघ, मी त्या तिसऱ्या विमानापाशी असंन. तिनं बघितलं. विमानाच्या पोटाखाली तो उकिडवा बसला होता. कोपरापर्यंत हात काळे. गुडघ्यांच्या मधी चाक धरून पान्यानं काहीतरी आवळत होता. नुकती मिसरूड फुटलेला एक साहेब आला, त्याला नावानं हाक मारून काहीतरी सांगितलं, आणि शिडीवर पाय ठेवून वर चढून बसला. विमान त्या पोरानं उडवलं. मल्लिकार्जुन खाली उभा राहून बघत राहिला.

संध्याकाळी तो भारी खुशीत होता. जेवता जेवता सांगत होता, उतरताना विमानाचं चाक फिरत नसतं, हवेत गप लटकलेलं असतं. जमिनीला टेकलं की डोळ्याचं पातं लवायच्या आत त्याला विमानाच्या वेगानं पळावं लागतं. तो धूर निघतो ना, तो रबर घासल्याचा. एवढं मोठं विमान, आतली माणसं, सगळं ओझं येऊन त्या वीतभर रबरावर बसतं. रुद्राणी ऐकत होती, पण तिचं ध्यान त्याच्या नखांत अडकलेल्या काळ्या वंगणाकडं होतं. बापानं दुकानाच्या गल्ल्यावर बसून गावभर सांगितलं होतं की जावई विमान उडवतो. तिला वाटलं, जमीन फाटावी.

परत आली आणि त्याच लाजेच्या भरात ती पहिलं खोटं बोलली. मुखेडला माहेरच्या अंगणात बाया जमल्या होत्या, तिथं ती म्हणाली की ह्यांनी मला विमानात बसवलं. वरून मुखेडचा बाजार दिसला, अप्पांच्या दुकानाचे पत्रे उन्हात चमकत होते. बाया तोंडाला हात लावून ऐकत राहिल्या. धाकटी बहीण नागम्मा तर आठ दिवस तेच सांगत फिरली.

मल्लिकार्जुन पेन्शन घेऊन कायमचा गावी आला तो बहात्तरच्या दुष्काळात. शिवारात हिरवं पान नव्हतं. सगळं गाव सरकारी कामावर खडी फोडत होतं आणि परदेशातून आलेल्या मिलो ज्वारीच्या लाल भाकरी खात होतं. तरी पहिल्या दिवशी माणसं त्याला भेटायला पारावर जमली. कुणीतरी विमानाचं काढलं, आणि हा मनापासून सांगायला लागला. जेटच्या चाकात साधी हवा भरत नाहीत, नायट्रोजन भरतात, म्हणजे वरच्या थंडीत आत ओल गोठत नाही. ब्रेक फार तापला तर चाकात बसवलेली एक बारीक गुडदी, बूच म्हणा, वितळते आणि हवा आपोआप निघून जाते, त्यामुळं चाक फुटत नाही. सरपंच शेषेराव हसून म्हणाले, म्हणजे तुम्ही पंक्चर काढत व्हता की तिकडं. सगळे हसले. मल्लिकार्जुनही हसला. म्हणाला, तसंच समजा.

रुद्राणी दारात उभी राहून ते हसणं ऐकत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची लिंगपूजा झाली, त्यानं कपाळाला विभूती लावली आणि तो भाकरी खायला बसला. तेव्हा ती तव्याकडं बघतच बोलली.

“लोकांत त्या चाकाचं काढत जाऊ नका. मला खाली बघावं लागतं.”

त्याचा घास हातातच राहिला. “बरं” म्हणाला आणि जेवून उठला. त्याच दिवशी तिनं विहिरीवर सांगून टाकलं की फौजेतली गुपितं बोलायची नसतात, म्हणून ते मुद्दाम चाकाबिकाचं काहीतरी बोलतात. बायांनी माना हलवल्या. जाऊ गुरम्मा तर म्हणाली, असंल बाई, सरकारी काम ते. रुद्राणीला वाटलं, निभावलं.

उन्हाळा वाढला तसा गावाच्या विहिरीचा तळ उघडा पडला. पाणी आणायला दोन कोसांवरच्या ओढ्यातल्या झऱ्यावर जावं लागे. बैल हडकले होते. लाकडी चाकांच्या गाडीवर पाण्याचं पिंप ठेवलं की त्यांना ओढवत नव्हतं, आणि खडकाळ वाटेत धक्के खाऊन निम्मं पाणी सांडायचं. मल्लिकार्जुन एक दिवस कुणाला न सांगता हैदराबादला गेला आणि तिथल्या भंगार बाजारातून एका मोडीत निघालेल्या डकोटा विमानाची दोन चाकं घेऊन आला. उदगीरच्या लोहाराकडं बसून आस घडवून घेतला. लाकडी चाकं काढून ही जाडजूड काळी चाकं गाडीला बसवली.

पहिल्या दिवशी गाडी निघाली ती आवाज न करता. लोखंडी धावेचा खडखडाट नाही, धक्का नाही. बैलांनी मान खाली घालून एकदा जोर लावला आणि मग नुसते चालायला लागले. पिंपातलं पाणी काठोकाठ घरी आलं. माणसं टायरवरून हात फिरवून बघायची. कुणी विचारलं, ह्याच्यावर ट्रॅक्टरसारखी नक्षी कशी नाही, नुसत्या गोल रेघाच कशा? मल्लिकार्जुननं तोंड उघडलं, दारातल्या रुद्राणीकडं त्याची नजर गेली, आणि तो म्हणाला, असंच असतंय. वास्तविक त्या रेघा कशाला असतात, ओल्या धावपट्टीवर पाणी त्यातून कसं निसटून जातं, हे तो तासभर सांगू शकला असता.

दुष्काळभर त्या गाडीनं आधी म्हाताऱ्या-कोताऱ्यांच्या घरी पाणी टाकलं आणि मग आपल्या घरी. पोरंसोरं गाडीमागं ‘पायलट आला, पायलट आला’ करत पळायची. रुद्राणीच्या काळजात तो शब्द काट्यासारखा जायचा. चाकं बसवणाऱ्या माणसानं चाकांची गाडी केली असती तर त्यात हसण्यासारखं काय होतं? पण विमान उडवणारा माणूस बैल हाकतो म्हटल्यावर ते हसूच झालं. आणि त्याला विमान उडवायला तिनंच लावलं होतं. हे तिला कळत होतं. तरी राग यायचा तो गाडीचा. ती त्या गाडीत बसत नसे. कामावर पायी जाई.

त्याच साली नागम्माचं जमत आलं होतं. देगलूरचं घर, मुलगा सिद्धेश्वर नांदेडला कचेरीत कारकून. मुलाची आई रत्नम्मा मोठी चौकस बाई. तिनं मुखेडला सगळं बघितलं आणि वर म्हणाली, तुमचा पायलट जावई राहतो तरी कसा, ते एकदा डोळ्यांनी बघते. रुद्राणी तेव्हा माहेरीच होती. दुष्काळात कशाला तसदी, असं तिनं म्हणून बघितलं. अप्पांनी मोठ्या हौसेनं दोघींना एसटीत बसवून दिलं.

वाटभर रुद्राणी देवाचं नाव घेत होती. फाट्यावर उतरल्या तर समोर गाडी उभी. रुद्राणी आज येणार म्हणून मल्लिकार्जुन पाणी टाकून तसाच आला होता. धुळीनं भुरका झालेला, डोक्याला फडकं, धोतर गुडघ्याच्या वर खोचलेलं. बायकोबरोबर कुणी पाहुणी आहे हे बघून तो हसत पुढं आला.

रत्नम्मा म्हणाली, “हा तुमचा गडी का?”

रुद्राणीनं एकदा त्याच्याकडं बघितलं. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू अजून तसंच होतं.

“हाव,” ती म्हणाली.

रत्नम्मानं त्याच्या कपाळावरच्या विभूतीकडं निरखून पाहिलं. म्हणाली, आपल्यातलाच दिसतो की. रुद्राणीच्या तोंडून पुढचा शब्दही निघून गेला: हाव, आपल्यातलाच हाय, गरीब हाय.

मल्लिकार्जुननं खाली वाकून रत्नम्माची ट्रंक उचलली, गाडीत ठेवली, तिला चढायला जू दाबून धरलं. मग रुद्राणीसाठीही तसंच धरलं. त्या दिवशी पहिल्यांदा ती त्या गाडीत बसली. तो मात्र गाडीवर बसला नाही. गडी मालकिणींच्या बरोबरीनं बसत नसतो. कासरा हातात घेऊन बैलांच्या बाजूनं उन्हात चालत राहिला. वाटेत शेषेराव भेटले. त्यांनी सवयीनं हाक दिली, काय पायलट, पाव्हणे का आज? रत्नम्मा खळखळून हसली. म्हणाली, गड्यालासुद्धा पायलट म्हणतात का तुमच्याकडं? रुद्राणी म्हणाली, गंमत करतात. शेषेरावांनी एकवार गाडीत बघितलं, एकवार मल्लिकार्जुनकडं, आणि वाटेतून बाजूला झाले.

घरी आल्यावर रुद्राणीनं सांगितलं, ह्यांना अचानक बिदरला बोलावणं आलं. रत्नम्मा हळहळली. मल्लिकार्जुन गोठ्यात गेला आणि पाहुणी असेपर्यंत तिथंच राहिला. शेजारून उसनं आणलेल्या गुळाडाळीची रुद्राणीनं दुष्काळातही पुरणपोळी केली होती. जेवून उठताना रत्नम्मा ताटातली उरलेली अर्धी पोळी घेऊन गोठ्याकडं गेली. मनानं ती वाईट नव्हती. दुष्काळात गड्याच्या तोंडी गोड कुठून लागणार, असं तिच्या मनात आलं असेल. तिनं वरून पोळी सोडली. मल्लिकार्जुननं दोन्ही हातांची ओंजळ करून ती घेतली.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून रुद्राणी हे बघत होती. धावत जाऊन सांगावं, असं तिला वाटलं. पाय उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानंच पाहुणीला फाट्यावर पोचवलं. परत आल्यावर बैलांना पाणी दाखवलं, हातपाय धुतले, नेहमीसारखा जेवायला बसला. रुद्राणी वाट बघत होती की हा ओरडेल, ताट भिरकावेल. त्यानं एवढंच विचारलं की नागम्माचं जमलं का. जमलं म्हणाली. बरं झालं, म्हणाला.

लग्नाला तो गेला नाही. नागम्माला त्यानं लहानपणी खांद्यावर बसवून जत्रेत फिरवलं होतं, दर रजेला तिच्यासाठी बांगड्या आणल्या होत्या. पण मांडवात रत्नम्मा असणार. बैल आजारी आहे, म्हणाला. नागम्मा बोहल्यावर चढेपर्यंत दाराकडं बघत होती. अप्पांनी रुद्राणीला कोपऱ्यात घेऊन विचारलं, जावई का आले नाहीत. तिनं खाली बघून सांगितलं, ड्यूटी. पेन्शन घेतलेल्या माणसाला कसली ड्यूटी? म्हातारा तिच्याकडं बघत राहिला आणि वळून पंगतीकडं गेला.

दुष्काळ सरला. टायरच्या गाडीचं नाव पंचक्रोशीत झालं होतं. माणसं लांबून यायची, आम्हाला बी तसली चाकं बसवून द्या म्हणायची. मल्लिकार्जुननं फाट्यावर पत्र्याचं दुकान टाकलं. विमानाचं चाक दोन अर्ध्या वाट्या जोडून केलेलं असतं. आत हवा असताना बोल्ट सैल केले तर त्या वाट्या तोफेच्या गोळ्यासारख्या बाजूला उडतात आणि माणूस जागीच जातो. म्हणून गिऱ्हाईक कुणीही असो, तो आधी हवा सोडायचा आणि माणसांना चाकाच्या पुढं नाहीतर मागं उभं करायचा, बाजूला कुणालाही थांबू द्यायचा नाही. हे कुठं शिकलात असं कुणी विचारलं, तर ऐकू न आल्यासारखं करायचा.

रुद्राणी त्याला दुपारची भाकरी घेऊन जायची. संसार नीट चालला होता. पण तो घरात बोलेनासा झाला होता. बैलांचं, पावसाचं, गिऱ्हाइकांचं तेवढं बोलायचा. वरून विमान गेलं तर मान वर करायचा नाही.

ब्याऐंशीला लातूर जिल्हा झाला. उस्मानाबादचे हेलपाटे संपले म्हणून गावात गूळ वाटला. नव्या कचेऱ्या उघडल्या, त्यात माणसं हवी होती. नागम्माच्या नवऱ्याची, सिद्धेश्वरची, बदली नांदेडहून लातूरला झाली. सगळं बिऱ्हाड लातूरला आलं, रत्नम्मासकट. नागम्मानं निरोप धाडला, अक्का, आता जवळ आलो गं. रुद्राणी काही ना काही कारण काढून लातूरला जायचं टाळत राहिली.

पुढच्या वर्षीच्या पोळ्याच्या आसपासची गोष्ट. ती भाकरी घेऊन दुकानावर पोचली, तेवढ्यात एसटी थांबली आणि नागम्माच्या आधी रत्नम्मा उतरली. आता काठी टेकत चालायची, पण नजर तीच. नागम्मा सामान उतरवून घेत मागं राहिली होती. रत्नम्मा दुकानापाशी आली, मल्लिकार्जुनकडं पाहिलं आणि ओळखीचं हसली. म्हणाली, तुमचा जुना गडी अजून हाय की.

मल्लिकार्जुननं हातातला पाना खाली ठेवला. पाहुणीला बसायला जागा करावी म्हणून फळकुटावरचं सामान बाजूला सारायला लागला. ह्या वेळीसुद्धा तो काही बोलणार नाही, हे रुद्राणीला दिसलं.

“गडी न्हाई,” ती म्हणाली. “हे माझे मालक हायत. तव्हा बी होते. मी तुमच्यापाशी खोटं बोलले. ह्यांनी विमान कधी उडवलं न्हाई. विमानाची चाकं बसवायचे. मला त्याची लाज वाटायची.”

रत्नम्मा काठीवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली. मग तिथल्या एका जुन्या टायरवर बसली आणि तिनं पदर डोळ्यांवर ओढला. म्हणाली, मी ह्यांच्या हातावर उष्टी पोळी टाकली होती. मल्लिकार्जुन अवघडून गेला. घाईघाईनं तांब्या भरून तिच्यापुढं धरला आणि म्हणाला, पोळी चांगली होती हो, अव्वा.

नागम्मा येऊन उभी राहिली तेव्हा रत्नम्मा पाणी पीत होती; रुद्राणीनं मग तिलाही सगळं सांगितलं.

त्या संध्याकाळी रुद्राणीनं ठरवलं, आता गावालाही सांगायचं. आधी गुरम्माकडं गेली. सगळं सांगितलं. गुरम्मा सुपातले दाणे पाखडत होती, ती थांबली नाही. म्हणाली, आम्हाला ठाऊकच हाय की. त्यांनीच तर पहिल्या दिवशी पारावर सांगितलं होतं. मग दुसऱ्या दिवशी शेषेरावांच्या घरी गेले, आमच्याकडं आले, चार घरं फिरले आणि हात जोडून म्हणाले, तिच्यापुढं चाकाचं बोलू नका, तिला वाईट वाटतं. तव्हापासून सगळं गाव तुझ्यापुढं त्यांना पायलट म्हणतंय.

रुद्राणी घरी कशी आली तिचं तिला कळलं नाही. दहा वर्षं तिला वाटत होतं की ती गावापासून काहीतरी लपवते आहे. गाव तिला सांभाळून घेत होतं, आणि तिच्याकरता हात जोडत फिरला होता तो माणूस, ज्याला तिनं गडी म्हटलं. नवऱ्याच्या समोर बसली तरी तिला मान वर करता येईना. क्षमा मागायला शब्द जुळवत होती, तर तो म्हणाला, राहू दे, सकाळी पाहुण्यांसंगंच लातूरला जाऊ, नागम्माचं घर बघायचंय.

पांढरा सदरा घालून तो लातूरला गेला. जेवणं झाल्यावर नागम्मानं विचारलं, भाऊजी, विमानाच्या चाकाचं असतं तरी काय काम? तो रुद्राणीकडं बघायला लागला. रुद्राणी म्हणाली, सांगा की.

आधी शब्द अडखळत आले. मग आसाममधली एक गोष्ट निघाली. जवान आणि शिधा भरलेलं डकोटा उतरत होतं. दोन्ही चाकं ह्यानंच बसवलेली. टेकता टेकता एक चाक फुटलं. विमान एका अंगाला कलंडून धावपट्टीवरून खाली गवतात गेलं, आणि दुसऱ्या चाकानं सगळा भार एकट्यानं घेतला. सगळी माणसं धडधाकट बाहेर आली. चौकशी होईपर्यंत ह्याला अन्न गोड लागलं नाही, फुटलेलं चाक आपल्याच हातून बिघडलं असेल म्हणून. चौकशीत निघालं की धावपट्टीवर पत्र्याचा तुकडा पडला होता. त्या संध्याकाळी वैमानिक, एक वयस्कर सरदारजी, दुरुस्तीच्या छपराखाली आला. टिकलेल्या चाकावरून त्यानं बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवला, हे कुणी बसवलं म्हणून विचारलं, आणि ह्याला उराशी धरून लहान पोरासारखा रडला.

“लई वर्षं मनात होतं सांगायचं,” मल्लिकार्जुन म्हणाला. “पेन्शनीवर आलो तव्हा वाटलं होतं, आधी घरी सांगावं.”

रत्नम्मा आणि सिद्धेश्वर त्याला आणखी विचारत होते. रुद्राणी उठून आतल्या खोलीत गेली आणि भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. नागम्मा मागोमाग आली, म्हणाली, अक्का, एवढी मोठी गोष्ट, तू कधी आम्हाला सांगितली न्हाईस?

रुद्राणी म्हणाली, “मला ठाऊक नव्हती.”

बाहेर तो अजून बोलत होता. तिनं तोंडावर पाणी मारलं, डोळे पुसले आणि पुढचं ऐकायला उंबऱ्याशी जाऊन बसली.